पाळीव सशांचे श्वसनविकार : लक्षणांची ओळख आणि पहिल्या काही तासांतील काळजी

सदनिकांमध्ये राहणाऱ्या कुटुंबांत ससा पाळण्याची आवड आता नवी राहिलेली नाही. तो भुंकत नाही, त्याला सकाळ-संध्याकाळ फिरायला न्यावे लागत नाही आणि थोड्या जागेतही तो रमतो. मात्र ज्या शांतपणासाठी तो आवडतो, तोच शांतपणा आजारपणात त्याच्या जिवावर उठतो. ससा हा भक्ष्य म्हणून जगत आलेला प्राणी आहे. अशक्तपणा उघड करणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे दुखणे लपविण्याची प्रवृत्ती त्याच्या स्वभावातच आहे. श्वासाचा त्रास मालकाच्या लक्षात येतो तेव्हा तो पुष्कळदा बराच पुढे गेलेला असतो.

यात भर पडते ती एका गैरसमजाची. ससा शिंकू लागला की त्याला ‘सर्दी’ झाली असे मानून चार दिवस वाट पाहिली जाते. माणसाची साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आपोआप बरी होते. सशाच्या सततच्या शिंकांमागे मात्र बहुतेक वेळा जिवाणूंचा संसर्ग, दातांच्या मुळांचा विकार किंवा घरातील दूषित हवा असते आणि यांपैकी काहीही नुसत्या वाट पाहण्याने बरे होत नाही.

नाक हाच एक मार्ग

सशाच्या श्वसनाची रचना समजून घेतल्याशिवाय त्याच्या आजाराचे गांभीर्य कळत नाही. घोड्याप्रमाणेच ससाही केवळ नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. त्याच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेली झडप मऊ टाळूच्या वर टेकलेली असते, त्यामुळे हवेचा मार्ग थेट नाकाशी जोडला जातो. गवत चघळत असतानाही त्याला श्वास घेता येतो तो यामुळेच. पण याच रचनेमुळे नाक चोंदल्यावर माणसासारखा तोंडाने श्वास घेण्याचा सोपा पर्याय त्याला उरत नाही. तोंड उघडून श्वास घेणारा ससा अखेरच्या प्रयत्नाला लागलेला असतो, असेच समजावे लागते.

दुसरी अडचण छातीची. सशाचे पोट प्रशस्त असते. त्या मानाने छातीची पोकळी फारच लहान असते. फुफ्फुसांना मुळातच जागा थोडी; त्यात पोटात वायू धरला तरी श्वासपटलावर दाब येऊन श्वास अपुरा पडू लागतो. त्यामुळे धाप लागलेल्या प्रत्येक सशाचे दुखणे फुफ्फुसातच असेल असे नाही.

श्वास मोजावा कसा

निरोगी प्रौढ ससा विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेतो. त्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. सशाचे नाक सतत हलते आणि त्या हालचालीलाच अनेक जण श्वास समजतात. नाकाची ती थरथर मुख्यत्वे वास घेण्यासाठी आणि सावधपणासाठी असते. ससा निर्धास्त होऊन पेंगू लागला की ती मंदावते किंवा थांबतेही. श्वास मोजायचा तो बरगड्यांच्या आणि कुशीच्या हालचालीवरून. ससा निवांत बसलेला असताना, त्याला हात न लावता, १५ सेकंदांतील हालचाली मोजून चारने गुणाव्यात. पकडलेल्या, घाबरलेल्या किंवा नुकत्याच उड्या मारलेल्या सशाचा आकडा विश्वासार्ह नसतो.

आजार नसतानाच असा आकडा आठ-दहा दिवस टिपून ठेवणे उपयोगाचे ठरते. आपल्या सशाचा नेहमीचा वेग ४० आहे हे ठाऊक असेल, तर तो झोपेत ७० वर गेल्याचे लगेच लक्षात येईल.

सुरुवातीच्या खुणा

ससा आपले नाक पुढच्या पायांनी पुसतो. त्यामुळे नाकातून येणारा स्राव नाकपुड्यांवर दिसण्याआधी पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूला दिसतो. तेथील केस ओले, चिकटलेले किंवा वाळून ताठर झालेले असतील, तर नाक गळत आहे असे समजावे. नाक स्वच्छ दिसले म्हणून निश्चिंत झालेल्या मालकांनी आधी पंजे पाहायला हवेत.

गवताची धूळ नाकात गेल्याने एखाद-दुसरी शिंक येणे स्वाभाविक आहे. शिंका दिवसभर येत राहिल्या, सलग आल्या किंवा त्यांच्याबरोबर पांढरा-पिवळट घट्ट स्राव येऊ लागला, तर ती तपासणीची वेळ होय. स्राव एकाच नाकपुडीतून येत असेल तर दाताचे मूळ, नाकात अडकलेली गवताची काडी किंवा गळू यांची शंका घेतली जाते. डोळ्यांतून सतत पाणी वाहणे हेही श्वसनमार्गाशी जोडलेले लक्षण असू शकते. सशाच्या प्रत्येक डोळ्याला अश्रू वाहून नेणारे एकच छिद्र असते आणि तेथून निघालेली बारीक नलिका दातांच्या मुळांजवळून नाकात उतरते. त्या वाटेत कोठेही सूज आली की डोळा गळू लागतो.

झोपेतील घोरण्यासारखा आवाज, श्वासाबरोबर येणारी घरघर किंवा शिट्टीसारखा सूर, नेहमीपेक्षा कमी हालचाल, गवताकडे पाठ फिरवून केवळ मऊ पाने खाणे आणि लेंड्या लहान वा कमी होणे या खुणाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. सशाला अन्नाची ओढ वासाने लागते. नाक बंद झाले की वास हरपतो, भूक मंदावते आणि खाणे थांबताच आतड्यांची गती मंद होते. बारा तास काहीच न खाल्लेला ससा हा स्वतंत्रपणेच तातडीचा रुग्ण मानला जातो. श्वसनाचा साधा वाटणारा विकार अनेकदा या आडवाटेने प्राणघातक ठरतो.

याच्या पुढची पायरी संकटाची. ससा मान लांबवून, डोके वर करून, पुढचे कोपरे शरीरापासून दूर ठेवून बसतो. नाकपुड्या फुगतात, प्रत्येक श्वासासरशी कुशी आत ओढली जाते, ओठ आणि जीभ निळसर पडतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या भेटीची वेळ ठरविण्यात अर्थ नसतो. ससा त्याच तासात दवाखान्यात पोहोचायला हवा.

जिवाणू, दात आणि हवा

सशांच्या जुनाट नाकगळतीशी सर्वाधिक जोडले जाणारे नाव म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू. १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर मूलभूत संशोधन करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्यावरून या जिवाणुकुळाला नाव मिळाले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा जिवाणू वेगळ्या ओळखीने परिचित आहे : गाई-म्हशींना पावसाळ्याच्या तोंडावर होणारा घटसर्प याच जातीच्या जिवाणूच्या वेगळ्या प्रकारामुळे होतो. बोर्डेटेला, स्टॅफिलोकॉकस आणि स्युडोमोनास हे जिवाणूही सशाच्या नाकात उपद्रव देतात.

पाश्चुरेला अनेक धडधाकट सशांच्या नाकात मुकाट्याने राहतो. प्रवास, घरबदल, गर्दी, अस्वच्छता, उष्मा, दुसरे एखादे दुखणे असा ताण आला की तो उचल खातो. नाकापासून सुरू झालेला संसर्ग सायनसमध्ये, डोळ्यांत, कानाच्या आतील भागात आणि फुफ्फुसांत उतरू शकतो. कानाचा आतला भाग बाधित झाल्यास ससा मान एका बाजूला वाकडी करून चालू लागतो किंवा गरगर फिरतो. सशाचा पू दह्यासारखा पातळ नसतो, तर पनीरासारखा घट्ट असतो, त्यामुळे तो वाहून जात नाही आणि औषधही त्याच्या आत सहजी शिरत नाही. उपचार आठवड्यांचे होतात, कधी महिन्यांचे, त्याचे हे मोठे कारण.

दातांचा संबंध अनेकांना चकित करतो. सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढतात आणि कोरडे गवत भरपूर चावल्यानेच झिजतात. बाजारातील दाणेदार खाद्य, पोळी, बिस्किटे आणि गाजर यांवर वाढलेल्या सशाचे दात पुरेसे झिजत नाहीत. वरच्या दातांची मुळे मग उलट दिशेने, नाकाच्या पोकळीकडे आणि अश्रुनलिकेकडे सरकू लागतात. नेदरलँड ड्वार्फसारख्या चपट्या चेहऱ्याच्या जातींत हा धोका अधिक. गाजर हे सशाचे मुख्य अन्न असल्याची समजूत चित्रकथांनी रुजविली. प्रत्यक्षात ते गोड खाऊच्या मापानेच द्यायचे असते.

तिसरे कारण घरातील हवा. सशाच्या मूत्रातून अमोनिया निघतो. पिंजरा दोन-तीन दिवस साफ झाला नाही, की जमिनीलगत बसणाऱ्या सशाच्या नाकाशी तो साचतो आणि नाकाच्या नाजूक आवरणाला इजा करतो. वाकून नाक पिंजऱ्याजवळ नेल्यावर माणसाला वास झोंबला, तर सशाला तो कितीतरी आधीपासून झोंबत असणार. चीड, देवदार यांसारख्या सुगंधी लाकडाचा भुसा अंथरण्याची पद्धतही टाळावी. त्यातील उडून जाणारी द्रव्ये श्वसनमार्गाला त्रासदायक ठरतात. त्यापेक्षा कागदाचे अंथरूण बरे. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, सिगारेट, फोडणीचा ठसका, अत्तराचे फवारे, फिनाईल यांतील प्रत्येक गोष्ट भारतीय घरात रोजची आहे. देवघर आणि पिंजरा एकाच खोलीत असतील, तर पिंजरा हलविणे हा सोपा उपाय आहे. दिवाळीत धूर आणि धडाम आवाज अशी दुहेरी झळ सशाला बसते. पावसाळ्यात, विशेषतः कोकण किनारपट्टीसारख्या दमट भागात, साठविलेल्या गवतावर बुरशी धरते. असे गवत उन्हात वाळवून पुन्हा देऊ नये, टाकून द्यावे.

उन्हाळ्याचे गणित वेगळे

घरातला ससा आणि माळरानावरचा रानससा यांना मराठीत एकच शब्द असला, तरी ते भिन्न प्राणी आहेत. पाळीव ससा हा स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातील, बिळात राहणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज. दुपारच्या उन्हात तो मुळात जमिनीखालच्या गारव्यात असायचा. शेतात सापडलेली रानसशाची पिल्ले घरी आणून पाळणे मात्र योग्य नाही. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

सशाला माणसासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखे धापा टाकून शरीर थंड करणेही त्याला नीट साधत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे त्याचे कान. अंगोरा सशांवरील शासकीय संशोधनाचे काम अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, गडसा येथील थंड हवेच्या केंद्रात चालविले, यावरूनही सशाला मानवणाऱ्या हवामानाची कल्पना येते. खोलीचे तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की त्याला त्रास सुरू होतो. नागपूर, जळगाव किंवा दिल्लीच्या मे महिन्यात बंद बाल्कनी ही त्याच्यासाठी भट्टी असते. उष्माघातात श्वास अतिशय जलद होतो, कान तापतात, नाकाभोवती ओल येते, ससा आडवा पडून राहतो. हे चित्र न्यूमोनियासारखे दिसते. पण येथे पहिली गरज गारव्याची असते. ससा सावलीत, हवेशीर जागी आणून कानांना साध्या पाण्यात भिजविलेले फडके हलकेच लावावे. बर्फाचे पाणी अंगावर ओतणे किंवा त्याला पाण्यात बुडविणे घातक ठरते. त्यानंतरही दवाखाना टळत नाही.

काही वेळा कारण आणखी खोल असते. वय झालेल्या सशांत हृदयविकार आढळतो. सशाची थायमस ग्रंथी प्रौढपणीही टिकून राहते आणि तिच्यात गाठ वाढल्यास ती फुफ्फुसांवर दाब आणते. अशा सशाचे दोन्ही डोळे पुढे आल्यासारखे दिसू शकतात.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

धाप लागलेल्या सशाला सर्वांत मोठा धोका असतो तो भांबावलेल्या हातांचा. उचलणे, दाबून धरणे, घरातील प्रत्येकाने जवळ येऊन पाहणे यांनी त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि उरलीसुरली शक्ती संपते. त्याला उताणे करून नाक तपासणे तर कटाक्षाने टाळावे. उताणा केलेला ससा निश्चल पडतो, तो आरामामुळे नव्हे तर भीतीमुळे; शिवाय त्या स्थितीत पोटाचा भार छातीवर येतो.

खोली शांत, मंद उजेडाची आणि खेळत्या हवेची ठेवावी. नाकपुड्यांवर वाळलेला स्राव असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने तो अलगद पुसावा, पण ससा धडपडू लागला तर तेथेच थांबावे. पिचकारीने पाणी, पातळ खाद्य किंवा औषध पाजू नये. श्वासाशी झगडणाऱ्या सशाच्या फुफ्फुसात ते उतरण्याची भीती असते. माणसांसाठीचे बाम, नाकात घालायचे थेंब आणि गरम पाण्याची वाफ या घरगुती उपायांना येथे जागा नाही. बंद न्हाणीघरातील वाफेने त्याचे शरीर तापते.

निघण्यापूर्वी दूरध्वनी करून सशावर उपचार करणारे डॉक्टर उपस्थित आहेत का आणि प्राणवायूची सोय आहे का, हे विचारावे. सर्वच पशुवैद्यकांना सशांचा नियमित अनुभव नसतो आणि तसे विचारण्यात त्यांचा अवमानही नाही. जवळ खासगी तज्ज्ञ नसल्यास पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय हा चांगला पर्याय असतो. मुंबईत परळ आणि चेन्नईत वेपेरी येथील महाविद्यालये जुनी व परिचित आहेत. चारही बाजूंनी हवा जाईल अशा पेटीत टॉवेल अंथरून ससा न्यावा आणि प्रतीक्षागृहात कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावा. घरी काढलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत डॉक्टरांना फार उपयोगी पडते, कारण परक्या जागी ससा लक्षणे लपवितो.

कपाटातील गोळी नको

अमॉक्सिसिलिनची उरलेली गोळी बहुतेक घरांत सापडते. ती सशाला तोंडावाटे देणे म्हणजे विष देण्यासारखे आहे, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा इशारा. सशाचे पचन आतड्यातील अंधनाल या मोठ्या पिशवीतल्या उपकारक जिवाणूंवर चालते. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधे पोटात गेल्यास त्या जिवाणूंचा नाश होतो, विषारी द्रव्ये निर्माण करणारे जिवाणू माजतात आणि जुलाब होऊन ससा काही दिवसांत दगावू शकतो. पेनिसिलिनचे इंजेक्शन काही वेळा पशुवैद्यक योजतात. पण ती वेगळी गोष्ट. स्टेरॉइडबाबतही सावध राहावे लागते, कारण त्यांनी सशाची प्रतिकारशक्ती खालावते आणि दबलेला पाश्चुरेला उफाळून येतो.

पशुवैद्यक प्रथम श्वास स्थिर करतात. प्राणवायू देऊन ससा सावरल्यानंतरच तपासणी होते. नाकाच्या खोल भागातील स्रावाची जिवाणू-तपासणी, डोक्याची व छातीची क्ष-किरण प्रतिमा आणि सोय असेल तेथे सीटी स्कॅन यांवरून कारण निश्चित केले जाते. त्यानुसार एन्रोफ्लोक्सासिनसारखे सशाला सोसणारे प्रतिजैविक, वेदनाशामक आणि गरजेप्रमाणे नेब्युलायझरद्वारे औषध दिले जाते. शिंका थांबल्या म्हणून मालकाने मध्येच औषध सोडणे हे दुखणे उलटण्याचे नेहमीचे कारण आहे.

काही सशांचे नाक पूर्ण बरे होत नाही. आतील नाजूक हाडे झिजलेली असल्यास अधूनमधून नाक गळतच राहते, आणि तरीही असा ससा स्वच्छ हवा, भरपूर गवत व वेळच्या वेळी औषधांवर कित्येक वर्षे समाधानाने जगू शकतो. त्याचे वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर करून लिहून ठेवावे. दीड किलोच्या प्राण्यात १०० ग्रॅमची घटही मोठी असते. वास कमी येत असल्याने कोथिंबीर, पुदिना अशी उग्र गंधाची पाने त्याला खाण्याकडे वळवितात. गवत घराबाहेर झटकून मगच पिंजऱ्यात घालावे.

नवा ससा आणल्यास त्याला किमान दोन ते चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून मगच जुन्या सशाजवळ न्यावे. गिनीपिग आणि ससा एकत्र ठेवणे टाळावे, कारण सशाला विशेष त्रास न देणारा बोर्डेटेला गिनीपिगला न्यूमोनिया करू शकतो. मात्र वर्षानुवर्षे जोडीने राहणाऱ्या दोन सशांपैकी एक आजारी पडला, तर दुसऱ्याला लगेच दूर करण्याचा फारसा फायदा नसतो. जिवाणूशी त्याचा संपर्क बहुधा आधीच आलेला असतो आणि ताटातुटीचा ताण दोघांनाही सोसावा लागतो. अशा जोडीतील दोन्ही ससे एकाच पेटीतून दवाखान्यात न्यावेत आणि दोघांचीही तपासणी करून घ्यावी. आजारी सशाला धाप लागली असेल, तर मात्र प्रवासात त्याला स्वतंत्र पेटी द्यावी.